मदत हवी आहे: टीमॅक्स आणि व्हिट्रिनाइटचा मेळ बसत नाही

नमस्कार. एका विहिरीतल्या काळ्या शेलचे नमुने तपासतेय. सेंद्रिय कार्बन ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे स्रोत खडक (ज्यातून तेल-वायू तयार होतो तो) म्हणून उत्तमच. पण रॉक-इव्हॅलमध्ये (नमुना तापवून करायची चाचणी) टीमॅक्स, म्हणजे सेंद्रिय पदार्थ तुटून सर्वाधिक हायड्रोकार्बन निघतात ते तापमान, येतो ४२६ अंश सेल्सिअस. ४३५ च्या खाली म्हणजे खडक अजून अपक्व, तेल बनण्याइतका तापलेलाच नाही. उलट व्हिट्रिनाइटची (लाकडापासून बनलेले सेंद्रिय कण) परावर्तकता, जी खडक तापत गेला की वाढते, ती आहे ०.८ टक्के, म्हणजे तेल तयार होण्याचा टप्पा! दोन्ही खरं कसं असेल?

त्याच चाचणीतला एस-१ (नमुन्यात आधीच मोकळं असलेलं तेल) बराच जास्त आहे. त्यामुळे जड बिटुमेन (डांबरासारखा पदार्थ) किंवा ड्रिलिंग मडमधलं (खोदताना वापरलेल्या चिखलातलं) तेल एस-२ मध्ये (सेंद्रिय पदार्थ तुटून निघणारा भाग, ज्यावरून टीमॅक्स काढतात) मिसळून टीमॅक्स खाली ओढतंय, असं मला वाटतं. की व्हिट्रिनाइटचे कणच जुन्या खडकातून वाहून आलेत? नमुना द्रावकाने धुऊन पुन्हा चाचणी कुणी केली आहे का? माझ्याकडे चमचाभरच उरलाय, म्हणून आधी विचारतेय.