मदत हवी आहे: नोकरी आपल्याला मानवते की नाही, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

कोअरबॉक्स

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३१. आधी डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन बीई. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी बघते. राहायला मोशीत. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी चार वर्षांची आहे, नवरा भोसरीला नोकरीला. सासूबाई सोबत असतात म्हणून माझी नोकरी सुरळीत चाललीय, नाहीतर अवघड होतं.

आता अडचण अशी की एकदम तीन दारं उघडलीत. कंपनी मला असिस्टंट मॅनेजर करतेय. पगार जरासा वाढेल, हाताखाली चार-पाच मुलं येतील, रोज सकाळी साडेआठची मीटिंग माझ्या गळ्यात पडेल आणि सप्लायरकडे जाणं जवळजवळ बंद होईल. दुसरीकडे हिंजवडीच्या एका आयटी कंपनीची पीएलएम (पार्टची डिझाइन आणि त्यांतले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रोजेक्टसाठी ऑफर आहे, १२ लाखांची. आत्ता साडेआठ आहेत. तिसरा पर्याय काढला की घरात सगळे गप्प होतात: ओळखीतल्या एका पॉलिटेक्निकने तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलंय.

माझं आत्ताचं काम कसं आहे ते सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आमचं एक ब्रॅकेट कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीतून येतं. मागच्या पावसाळ्यात त्यात ब्लो होल (आत अडकलेल्या वाफेने किंवा वायूने पडलेली पोकळ छिद्रं) यायला लागले. तेही मशिनिंग झाल्यावर बोअरमध्ये (कोरलेल्या भोकात) दिसायचे, म्हणजे कास्टिंगचे पैसे गेले आणि मशिनिंगचेही. फाउंड्रीने एट-डी (दोषाचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा ठरलेल्या नमुन्यातला अहवाल) पाठवला. मूळ कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला समज देण्यात आली. (या लाइनीतल्या लोकांना ही दोन वाक्यं तोंडपाठ असतील.) शेवटी मी जाऊन तिथेच ठाण मांडलं. वाळूचा ओलावा तपासला, साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठीक. धातूचं तापमान ठीक. मग लक्षात आलं की दोष सगळे सकाळच्या पहिल्या ओतण्यातले आहेत. रात्रपाळीत केलेले कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) शेडच्या उघड्या बाजूला, पत्र्याच्या कडेने रचून ठेवायचे आणि तिथे पावसाची झड यायची. रात्रभर कोअर दमट व्हायचे आणि ओतताना त्यांची वाफ कास्टिंगमध्ये अडकायची. दिवसा केलेले कोअर लगेच वापरले जायचे, त्यामुळे त्यात काही नाही. कोअर आत हलवले, वापरण्याआधी सुकवायला लावले, रॅकवर खडूने वेळ लिहायला लावली. ब्लो होल थांबले.

त्या कामात मला जेवणाचं भान नव्हतं. पण असे दिवस महिन्यातून दोन, फार तर तीन. बाकी सगळं एक्सेल, पीपीटी, डेबिट नोटवरून (सप्लायरच्या बिलातून पैसे कापण्यावरून) चालणारी भांडणं, आणि कस्टमरची लाइन थांबायची वेळ आली की रात्री अकराला फोन: 'मॅडम, उद्या सकाळपर्यंत दोनशे टक्के इन्स्पेक्शनसाठी माणसं लावा.' (म्हणजे प्रत्येक पार्ट दोनदा तपासायचा.)

मी वहीत तक्ता करून बघितला. पगार, अंतर, सुट्ट्या, बढती, सगळ्याला गुण दिले. हिंजवडी पहिली आली आणि मला वाईटच वाटलं. का, ते सांगता येत नाही. नोकरी बदलताना कामातलं नेमकं काय बघायचं असतं? 'जे आवडतं ते कर' असं कृपया सांगू नका. मला माझी नोकरी मंगळवारी आवडते आणि शुक्रवारी नाही.

तीनपाळी

बाकी तत्त्वज्ञान नंतर. पाच वर्षं कधी पूर्ण होतायत?

कोअरबॉक्स

साडेचार झाली.

तीनपाळी

मग सहा महिने कळ काढा. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. ढोबळ हिशेब: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ३० हजार धरला तरी ८६ हजारांच्या वर जातात, घराचे दोन-तीन हप्ते सुटतील. पीएफ मात्र काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी मोजतात, मध्ये पेन्शनचे पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यावर.

घड्याळी_तास

ताई, मी तुमच्या तिसऱ्या दारातच उभा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचा काळ, मे महिना, तास नाही तर पैसे नाहीत. ऑर्डर दर वर्षी नवी. बिल वेळेवर निघेलच असं नाही. शासकीय पॉलिटेक्निकमधली कायम पदं एमपीएससीतून भरतात आणि जाहिरात कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. तुमचा बीईला फर्स्ट क्लास असेल तर पात्रतेचा प्रश्न नाही, प्रश्न वाट बघण्याचा आहे.

शिकवणं छान आहे, खोटं कशाला बोलू. वर्कशॉपमध्ये पोराच्या हातून पहिल्यांदा नीट साचा पडतो तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच जास्त बरं वाटतं. पण तास संपल्यावर हजेरी, मायक्रोप्रोजेक्टच्या फाइली आणि एनबीए (अभ्यासक्रमांना मानांकन देणारी संस्था) यायची असली की सीओ-पीओचे (मुलं काय शिकली ते दाखवणारे) तक्ते. तुम्ही एक्सेलला कंटाळून इकडे येणार असाल तर ते इथे दारात उभंच आहे. हप्ते चालू असताना या भानगडीत पडू नका.

हिंजवडी_जाम

मी पीएलएममध्येच आहे, तेही चाकणच्या एका प्लँटमधून आलेलो. दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी तिकिटांची, म्हणजे नोंदवलेल्या अडचणींची, यादी. अमुक पार्टचं रिव्हिजन अडकलंय, तमुक बीओएममध्ये (सुट्या भागांच्या यादीत) जुना नंबर दिसतोय, चेंज रिक्वेस्ट कुणाच्या तरी मंजुरीसाठी पडून आहे. ती सोडवायची. दुपारनंतर जर्मनीवाले जागे, संध्याकाळी अमेरिकावाले. एसी आहे, शनिवार-रविवार माझे आहेत, लाइन थांबली म्हणून कुणी झोपेतून उठवत नाही. मला हे मानवलं. अजिबात पश्चात्ताप नाही.

पण तुम्ही कोअरचं जे लिहिलंय तसलं काही इथे नाही. ज्या पार्टचं रिव्हिजन मी रोज बदलतो तो पार्ट मी कधी हातात धरलेला नाही. मला त्याने फरक पडत नाही. तुम्हाला पडेल असं वाचताना वाटलं.

रविवारची_भाकरी

यावर संशोधन झालेलं आहे, थोडक्यात सांगते. १९७०च्या दशकात हॅकमन आणि ओल्डहॅम या अमेरिकन अभ्यासकांनी कामात बघायच्या पाच बाबी मांडल्या: वेगवेगळी कौशल्यं लागतात का, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होतं का, त्याचा कुणाला उपयोग होतो का, आपल्या मताने करता येतं का आणि ते बरं झालं की वाईट हे त्या कामातूनच कळतं का. तुमच्या फाउंड्रीच्या गोष्टीत पाचही आहेत. साडेआठच्या मीटिंगमध्ये मला तरी एकही दिसत नाही.

तीनपाळी

पाचांत ईएमआय कुठाय?

रविवारची_भाकरी

नाहीये, मान्य. पगार, साहेब, कामाची जागा हा वेगळा कप्पा. हर्झबर्ग म्हणून एक होते, त्यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं की हे बिघडलं तर माणूस वैतागतो, पण हे सुधारलं म्हणून काम गोड लागतंच असं नाही. त्यावर पुढे टीकाही भरपूर झाली. तरी ताईंच्या तक्त्यात नेमका हाच एक कप्पा भरलेला दिसतोय. पगार, अंतर, सुट्ट्या. काम कुठल्याच रकान्यात नाही.

जुना_फिटर

वरचं सगळं वाचलं. मी भोसरी-चिंचवडला टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालो, त्यामुळे पुस्तकी बोलत नाही. मुली, चांगला भाग बघून नोकरी निवडू नकोस. चांगला भाग सगळीकडे असतो आणि सगळीकडे थोडाच असतो. रटाळ भाग बघ. आमच्याकडे डाय पॉलिश करायचं काम असायचं. दिवसभर तोच दगड, तीच पेस्ट, तोच कोपरा. काही पोरं आठवड्यात पळायची. काहींना मात्र ते करताना बरं वाटायचं, रेडिओ लावून बसायची. हुशार पळायची आणि मठ्ठ टिकायची असं नव्हतं, आमचा सगळ्यात हुशार माणूस पॉलिशवालाच होता.

तुझ्यापुढे रटाळ भाग तीन आहेत. मॅनेजर झालीस तर दुसऱ्याने केलेल्या चुकीचं उत्तर रोज सकाळी उभं राहून द्यायचं. आयटीत तिकिटं. कॉलेजात फाइली. यातलं कुठलं तुला डोकं न फिरता करता येईल? पगाराच्या आधी हे ठरव. आणि हेही बघ की तुला राग कामाचा येतो की साहेबाचा. साहेब दोन वर्षांत बदलतो.

घड्याळी_तास

काकांशी शंभर टक्के सहमत. अजून एक सुचवतो. पॉलिटेक्निकला उद्योगातले लोक व्याख्यानाला हवेच असतात. नोकरी न सोडता सेमिस्टरमध्ये दोन-तीन शनिवार जाऊन बघा. पोरांपुढे उभं राहणं सोसतं का ते फुकटात कळेल. घरचेही गप्प होणार नाहीत.

शिरोलीकर

आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं. आमच्या पट्ट्यातली फाउंड्री एट-डीत ऑपरेटरला दोष देते, कारण कस्टमरला तीन दिवसांत कागद पाहिजे असतो आणि कारण शोधायला दहा दिवस लागतात. कागद मागणारे भरपूर येतात. येऊन कोअरच्या रॅकजवळ उभं राहणारं माणूस क्वचित येतं.

तुम्ही तीन दारं म्हणताय, मला चौथं दिसतंय. नवीन कास्टिंगचं डेव्हलपमेंट. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे पार्ट नवा असतानाच फाउंड्रीसोबत बसून गेटिंग (साच्यात धातू जायचे मार्ग), कोअर, सॅम्पल, पीपीएपी (उत्पादनाआधी घ्यायची पार्टची मंजुरी) सगळं मार्गी लावणारे लोक असतात. दोष निघाल्यावर धावायचं नाही, निघायच्या आधीच बसायचं. प्रवास आहे, कागदही आहेत, पण पार्ट पहिल्या सॅम्पलपासून तुमचा असतो. बहुतेक वेळा तुमच्या आत्ताच्याच कंपनीत अशी जागा असते, फक्त वेगळ्या साहेबाखाली.

कोअरबॉक्स

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना जुन्या फिटर काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'पॉलिशवाला तर तुझा नवराच आहे.' (तो अकाउंट्समध्ये आहे.)

काका, राग साहेबाचा नाही. साहेब बरे आहेत, त्यांच्याच आग्रहाने हे प्रमोशन निघालंय. तुम्ही विचारल्यावर तिन्हींकडे नीट बघितलं. तिकिटं मी करू शकेन. कंटाळा येईल, पण संताप होणार नाही. फाइलींचंही तेच. साडेआठला उभं राहून, मी न बघितलेल्या गोष्टीचं कारण सांगायचं, हे मात्र मला जमणार नाही, अगदी पोटातून नको वाटतं. आजही मला शुक्रवार आवडत नाही, कारण शुक्रवारी आठवड्याचा रिव्ह्यू असतो आणि त्यात निम्मे विषय मी प्रत्यक्ष न पाहिलेल्या पार्टचे असतात. म्हणजे तीन पर्यायांत मला सगळ्यात कमी मानवणारं प्रमोशनच आहे, आणि घरात सगळे तेच धरून बसलेत, कारण त्यात काही सोडावं लागत नाही.

हिंजवडी पहिली आल्यावर वाईट का वाटलं तेही रविवारची_भाकरींमुळे कळलं. माझ्या तक्त्यात फाउंड्रीला रकानाच नव्हता.

शिरोलीकर, डेव्हलपमेंटचा विभाग आमच्याकडे आहे, दुसऱ्या मजल्यावर. तिथे कास्टिंग बघणारे एकच गृहस्थ आहेत आणि ते सतत बाहेर असतात, म्हणून माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. परवा कँटीनमध्ये गाठून विचारलं. म्हणाले, 'माणूस हवाच आहे, पण तुमचे साहेब सोडतील का बघा.' प्रवास महिन्यातले आठ-दहा दिवस, बहुतेक कोल्हापूर आणि बेळगाव. मुलीचं कसं करायचं हा प्रश्न आहेच, त्यावर घरी बोलणं चालू आहे. आयटीच्या ऑफरला उत्तर द्यायला अजून दहा दिवस आहेत. शनिवारच्या व्याख्यानासाठी पॉलिटेक्निकला विचारून ठेवलंय.

आता नेमका प्रश्न: साहेबांनी प्रमोशनसाठी शब्द टाकलाय. त्यांना न दुखावता 'मला वर नको, दुसऱ्या मजल्यावर पाठवा' हे कसं सांगायचं? आधी एचआरकडे जाऊ की त्यांच्याकडे?

जुना_फिटर

साहेबांकडेच. एचआरकडून कळलं तर माणूस दुखावतोच. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, तुझ्या जागी तयार असलेल्या पोराचं नाव घेऊन जा.

शिरोलीकर

त्या ब्रॅकेटचे आकडे घेऊन जा. आधीचं रिजेक्शन किती, नंतरचं किती, कंपनीचे पैसे किती वाचले. डेव्हलपमेंटला माणूस मिळाला तर साहेबांच्याच टेबलावर कमी तक्रारी येतील, हे त्यांना पटवणं सोपं आहे.

तीनपाळी

आणि हे बोलणं होईपर्यंत प्रमोशनच्या पत्रावर सही करू नका. बऱ्याच ठिकाणी मॅनेजर ग्रेड लागला की नोटीस पिरियड वाढून ९० दिवसांचा होतो. पुढे कुठेही जायचं झालं तर तेच आडवं येतं. पत्र आलं तर 'दोन दिवसांत वाचून देते' म्हणा.