पल्स ऑक्सिमीटर काळ्या-सावळ्या बोटावर जास्त आकडा का दाखवतो?

सह्यकडा:
काळ्या-सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, असं वाचलं. पण नाडीबरोबर कमीजास्त होणारा भाग तेवढाच मोजायचा, कातडी-नख-हाड यांचा स्थिर भाग आपोआप गळून जातो, हेच तर या यंत्राचं तत्त्व ना? मग मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, आड येतं कसं? आणि घरात सीओपीडीचा (फुप्फुसांच्या श्वास अडवणाऱ्या जुनाट आजाराचा) रुग्ण असेल तर आलेल्या आकड्यातून सरसकट २-३ वजा करावेत का?

प्रकाशमापी:
तत्त्व बरोबर आहे. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये जपानमध्ये मांडलं ते हेच. लाल (६६० नॅनोमीटर) आणि इन्फ्रारेड (९४० नॅनोमीटर) अशा दोन्ही प्रकाशांसाठी स्पंदणाऱ्या भागाला स्थिर भागाने भागायचं आणि त्या दोन उत्तरांचं गुणोत्तर काढायचं. ते १ आलं तर ऑक्सिजन साधारण ८५ टक्के, त्याहून कमी आलं तर ऑक्सिजन जास्त.

घोळ हा प्रकाश देणाऱ्या एलईडीत आहे. तिचा प्रकाश नेमका ६६० चा नसतो, आजूबाजूचा पट्टाही त्यात असतो. मेलॅनिन कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषतं, म्हणजे पट्ट्याची ६४०-६५० कडची बाजू जास्त अडते आणि बोटातून पार होणारा प्रकाश सरासरीने लांब तरंगलांबीकडे सरकतो. ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचं शोषण नेमकं याच टप्प्यात झपाट्याने उतरतं. त्यामुळे लाल प्रकाशातलं स्पंदन लहान दिसतं, गुणोत्तर घटतं आणि पडद्यावरचा आकडा चढतो. मेलॅनिन स्वतः स्थिर असलं तरी ते प्रकाशाचा रंग बदलतं, आणि हे भागाकाराने निघून जात नाही.

म्हणून सरसकट वजाबाकी करू नका. रक्तातला ऑक्सिजन जितका खाली, तितकी ही चूक साधारणपणे वाढते. बोटातला रक्तप्रवाह मंद असेल तर आणखी. एकाच माणसाची सकाळची आणि रात्रीची चूकसुद्धा सारखी असेलच असं नाही.

कॅलिब्रेशनवाला:
भौतिकशास्त्र इथवर ठीक. पण ही चूक इतकी वर्षं टिकली ती चाचणीच्या पद्धतीमुळे, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. गुणोत्तरावरून टक्केवारी काढायचा तक्ता सिद्धान्तातून येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, ७० ते १०० टक्क्यांदरम्यान धमनीतलं रक्त घेऊन को-ऑक्सिमीटरवर (रक्ताच्या नमुन्यातला ऑक्सिजन थेट मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर) तपासतात आणि त्यावरून तक्ता बसवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात किमान १० माणसं आणि २०० नमुने पुरत होते. त्यात गडद त्वचेचे किमान २ जण किंवा १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. दोन माणसांवरून काय कळणार?

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी यंत्राचे आकडे धमनीतल्या रक्ताशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के मोजमापांत निघालं, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. कोविडमध्ये ऑक्सिजन कधी सुरू करायचा हे ज्या आकड्यावर ठरत होतं, तोच हा आकडा. जानेवारी २०२५ च्या एफडीएच्या मसुद्यात किमान १५० माणसं आणि त्वचेचा रंग प्रत्यक्ष मोजण्याची अट आली. उशिरा आली, पण योग्य आहे.

वॉर्डक्रमांक६:
घरी मोजण्याबद्दल. ५ मिनिटं शांत बसवा, हात चोळून गरम करा आणि छातीच्या उंचीवर ठेवा. नेलपॉलिश काढा. काळी मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट घ्या. थेट ऊन किंवा प्रखर दिवा बोटावर नको. आकडा लगेच लिहू नका, निदान मिनिटभर थांबा. मनगटावर नाडी मोजा. यंत्रातली नाडी तिच्याशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका.

रुग्ण बरा असताना आठवडाभर रोज त्याच बोटावर, त्याच वेळी मोजून वही ठेवा. नेहमीच्या आकड्यापेक्षा ३-४ ने घसरण झाली, तर यंत्र ९४ दाखवत असलं तरी डॉक्टरांना कळवा. धाप लागतेय, बोलताना वाक्य तुटतंय, गुंगी आहे, तर पडद्यावर ९६ असले तरी थांबू नका. धमनीतल्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, हाच खरा निवाडा.

सह्यकडा:
वहीची पद्धत कळली, आभार. रुग्णाचा वंश सांगून सॉफ्टवेअरलाच दुरुस्ती करायला लावता येणार नाही का?

प्रकाशमापी:
वंश म्हणजे त्वचेचा रंग नव्हे. आपल्याकडे एका घरातल्या दोन भावंडांचे रंग वेगळे असतात, त्यामुळे मिशिगनचे टक्के जसेच्या तसे आपल्याला लावणंही चूक. दुरुस्ती करायची तर सेन्सरने त्याच बोटाचा रंग मोजायला हवा.

कॅलिब्रेशनवाला:
आणि ती सेन्सरमध्येच व्हायला हवी. रुग्णालयात कोण गंभीर आहे हे सांगणाऱ्या एआयला हाच आकडा मिळतो. ९४ खरे आहेत की चढलेले, हे त्याला कळायला वाव नाही. त्यात मागच्या रुग्णांना उशिरा ऑक्सिजन मिळाल्याच्या नोंदींवरच ते शिकलेलं असेल, तर तो उशीरच त्याला योग्य उपचार वाटेल. असं मॉडेल तपासताना त्याचा निकाल ऑक्सिमीटरशी ताडू नका, एबीजीशी ताडा, आणि त्वचेच्या रंगानुसार गट वेगळे करून ताडा.