मदत हवी आहे: अमेरिकेच्या सिनेटने ५२-४८ ने कोविडच्या लस-टेस्टचा नियम नाकारला. आता तो कंपनीत लागू होणार की नाही?

गोदाकाठ | ११ डिसेंबर २०२१

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेतले कायदे जाणणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. कृपया राजकारणावर जाऊ नका, माझा जीव टांगणीला लागलाय.

मी ओहायोत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. चारशेच्या आसपास माणसं आहेत. नवऱ्याचं दोन वर्षांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं. सकाळी आठ आणि रात्री आठ, टॅक्रोलिमसची गोळी चुकवायची नाही. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवते, आणि त्यामुळेच त्याला लसही नीट लागू होत नाही. तीन डोस झाले तरी अँटीबॉडी नावालाच. मी घरी आल्यावर गॅरेजमध्येच बूट काढते, तळघरात आंघोळ करते आणि मगच वर जाते.

५ नोव्हेंबरला ओशाचा, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आला तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे ४ जानेवारीपर्यंत लस पूर्ण हवी, नाहीतर दर आठवड्याला टेस्ट आणि कामावर मास्क. दुसऱ्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या कोर्टाने स्थगिती दिली. मग देशभरातले खटले सोडत काढून एकाच कोर्टाकडे दिले, ते आमच्या सिनसिनाटीला आले. तेव्हापासून एचआर म्हणतंय, निकाल लागेपर्यंत थांबू.

माझ्या तपासणीच्या टेबलाला लागूनच पत्रा दाबणारं प्रेस मशीन आहे. त्या धडधडीत काही ऐकू येत नाही, म्हणून आमचा लाइन लीड मास्क हनुवटीखाली ओढतो आणि कानाशी येऊन बोलतो. माणूस सोन्यासारखा आहे. ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर रोज संध्याकाळी दारात जेवणाचा डबा ठेवून जायचा. पण लस घेणार नाही म्हणतो. बुधवारच्या मतदानाची बातमी त्यानेच मला फोनवर दाखवली. म्हणाला, संपला तुमचा नियम.

खरंच संपला का? आणि संपला असेल, तर नवऱ्याच्या आजारपणाच्या आधारावर मी कंपनीकडे काही मागू शकते का?

क्लीव्हलंडकर | ११ डिसेंबर

ताई, नियम संपलेला नाही. सिनेटने वापरलाय १९९६ चा काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्ट. सरकारी खात्याने केलेला नवा नियम काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, ठराव करून रद्द करता येतो, तो हा कायदा. इंडियानाच्या माइक ब्रॉन यांनी ठराव आणला. ३० सिनेटरांच्या सह्या झाल्या की तो समितीतून बाहेर काढता येतो, आणि त्याला फिलिबस्टर, म्हणजे अल्पमतवाल्यांनी मतदान अडवून धरणं, लागू होत नाही. म्हणजे ६० मतं नकोत, साधं बहुमत पुरतं. रिपब्लिकन ५० आणि डेमोक्रॅट दोन, वेस्ट व्हर्जिनियाचे मँचिन आणि मोंटानाचे टेस्टर, असे ५२ झाले.

पण इथेच घोडं पेंड खातं. काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, हाउसमध्ये, असा जवळचा रस्ता नाही. तिथे ठराव मतदानाला आणायचा तर २१८ सह्या हव्यात आणि बहुमत डेमोक्रॅटांचं आहे. तिथून सुटला तरी बायडेन यांच्याकडून नकाराधिकार वापरला जाईल, हे व्हाइट हाउसने आधीच सांगितलंय. तो मोडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश लागतात. ते होत नाही.

एवढा खटाटोप का, तर असा ठराव पास झाला की ओशाला जवळपास तसाच नियम पुन्हा करताच येत नाही, त्यासाठी नवा कायदाच लागतो. असो. माझ्या मते या मतदानाचा तुमच्यावर काडीचा परिणाम नाही, नजर कोर्टावर ठेवा.

अबोली | १२ डिसेंबर

ओहायोचंही बघा. नोव्हेंबरमध्ये इथल्या राज्याच्या खालच्या सभागृहाने एचबी २१८ हे विधेयक पास केलंय. कंपनीने लस सक्तीची केली तरी वैद्यकीय कारण, अंगात असलेल्या अँटीबॉडी किंवा सद्सद्विवेक सांगून सूट घेता येईल, असा त्याचा रोख आहे. राज्याच्या सिनेटमधून ते पुढे सरकलेलं नाही. फ्लोरिडात मात्र तशा सवलती न देणाऱ्या कंपनीला दंड करणारा कायदा झालाच. तेव्हा तुमची कंपनी आज स्वतःहून सक्ती करू शकते. त्यांना करायचीय का, एवढंच विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कटू आहे. अपंगत्वाचा कायदा, एडीए, कामात सोय देतो ती कामगाराच्या स्वतःच्या आजारासाठी. घरच्या माणसाला धोका आहे म्हणून सोय देणं कंपनीवर बंधनकारक नाही. तरी लेखी मागा, आणि नेमकं मागा: टेबल कुठे हलवायचं, किती फुटांवर. 'काहीतरी करा' म्हटलं की काहीच होत नाही.

रानजाई | १२ डिसेंबर

गोदाकाठ, मी फार्मसिस्ट आहे. सिनेटचं मतदान झालं त्याच दिवशी, ८ डिसेंबरला, औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएने एव्हुशेल्ड या औषधाला आपत्कालीन मान्यता दिली. लस लागू होत नाही अशांसाठी तयार अँटीबॉडी आहेत, एकाच वेळी दोन इंजेक्शनं. ट्रान्सप्लांटचे पेशंट त्यात बसतात. पुरवठा तुटपुंजा आहे, म्हणून सोमवारी सकाळीच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन कर आणि यादीत नाव घाल. हे कोर्टावर सोडू नकोस गं.

गोदाकाठ | २७ जानेवारी २०२२

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, कारण माझ्यासारखं कुणी शोधत इथे येईल.

१७ डिसेंबरला सिनसिनाटीच्या कोर्टाने स्थगिती उठवली तेव्हा वाटलं, सुटलो. १३ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने पुन्हा थांबवलं. त्यांचं म्हणणं, कोविड घरी, शाळेत, मॅचला, सगळीकडेच होतो, तो खास कामाच्या जागेचा धोका नाही, आणि एवढा अधिकार काँग्रेसने ओशाला दिलेला नाही. काल ओशाने तो नियम मागे घेतला.

क्लीव्हलंडकर, तुमची समजावणी अगदी बरोबर होती. पण निकालपत्र शांतपणे वाचलं तर त्यात ८ डिसेंबरचं ते मतदान आहे! काँग्रेसच्या कुठल्याही सभागृहाने या सक्तीबाबत केलेली सर्वांत दखलपात्र कृती म्हणजे सिनेटने बहुमताने दाखवलेली नापसंती, असं न्यायाधीशांनी लिहिलंय. हाउसमध्ये पास न झालेला ठराव, पण कोर्टात कामाला आला. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

१३ जानेवारीलाच सुप्रीम कोर्टाचा ५-४ ने दुसरा निकाल लागला: मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना लसीचा नियम कायम. म्हणजे नवऱ्याचं रक्त काढणाऱ्या नर्सला लस लागेल, माझ्या कानाशी येणाऱ्याला नाही.

अबोली म्हणाली तसं लेखी मागितलं, कारखान्याचा नकाशा काढून जागा दाखवली. कंपनीने सक्ती करायला नकार दिला, पण टेबल गेज रूममध्ये हलवलं, तिथे दार आहे. लाइन लीड आता दारावर टकटक करतो आणि मास्क वर ओढून मगच आत येतो.

रानजाई, यादीत नाव १३ डिसेंबरलाच घातलं. अजून फोन नाही. कोलंबसच्या आसपास कुणाला एव्हुशेल्ड मिळालं असेल तर कुठे आणि किती दिवसांनी, ते कळवाल का? दीड-दोन तास गाडी चालवायची तयारी आहे.