६२८ यार्डांवरून जॅक्सनला तोलू नका

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) पहिल्या हंगामात ६३ झेल आणि ६२८ यार्ड म्हणजे सीहॉक्स संघाचा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीच्या लायकीचा नव्हता. मला हे अजिबात पटत नाही. २०२३ मध्ये सीहॉक्सकडे मेटकाफ आणि लॉकेट हे दोघं मुरलेले रिसीव्हर होते. चेंडू एकच, त्यात पोराच्या मनगटावर हंगामाच्या तोंडावर शस्त्रक्रिया झालेली. झेलामागे जेमतेम १० यार्ड, कारण त्याला बरेचसे पास जवळचेच मिळायचे.

गर्दीच्या संघातल्या पोराला जोखायचं तर तो आधीच्या गर्दीत कसा खेळला ते बघावं, आणि हा मुद्दा इथे कुणीच काढलेला नाही. २०२१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघात त्याच्या बाजूला गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे होते, दोघंही पुढच्याच ड्राफ्टमध्ये १०वे आणि ११वे निवडले गेले. तरी संघात सर्वाधिक यार्ड याचेच, ९५ झेलांत १६०६! शिवाय डिसेंबर २०२३ मधला ईगल्स संघाविरुद्धचा शेवटचा झेल पुन्हा बघा. २८ सेकंद उरलेले, बचावपटू अंगाला चिकटलेला, राखीव क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) ड्रू लॉकने उंच टाकलेला चेंडू, आणि पोराने तो शांतपणे हातात घेतला. मी ती फिल्म चारदा मागे नेऊन पाहिली. २०२४ मध्ये मेटकाफ, लॉकेट दोघंही संघात असताना त्याने १०० झेल आणि ११३० यार्ड केले.