पहिली येईल ती ऑफर पकडायची? (चर्चा)

तापीकाठ: काल एकाने इथे लिहिलं, "डिप्लोमा झाला की पुण्याची पहिली येईल ती ऑफर पकडा. जळगावच्या एमआयडीसीत राहिलात तर कुजाल." खाली नुसत्या टाळ्या. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

मी पकडली होती. चाकण. पॅकेज 3.60 लाख, म्हणून आईने गल्लीभर 30 हजार पगार सांगितला. बेसिक 15 हजार. त्यावर कंपनीचा पीएफ 1800, माझा 1800, ग्रॅच्युइटीच्या नावाने 721, प्रोफेशनल टॅक्स 200, सगळं त्या 30 मधूनच कापलेलं. त्यातलेच आणखी 3 हजार 'व्हेरिएबल', मिळाला तर मिळाला. हातात साडेबावीस. त्याचंही काही नाही, पण काम? टॉर्क गन घेऊन चार बोल्ट. 'टक्' झालं की पुढची गाडी. दीड वर्ष तेच चार बोल्ट.

परत आलो, पाइपच्या कारखान्यात, 16 हजारांवर. पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला पाइप एका अंगाला जाड निघायला लागला. ऑपरेटर काका म्हणाले, तूच शोध. पहाटे सापडलं, डायचा, म्हणजे ज्या साच्यातून पाइप बाहेर येतो त्याचा, एक हीटर गेला होता. आज डाय सेटिंगला मलाच बोलावतात. हातात काय काम येणार, ते बघून ऑफर घ्या.

हिंजवडीकर_धुळ्याचा: काल लिहिणारा मीच. तुझे चार बोल्ट ही तुझी गोष्ट झाली. मीही आधी इथेच होतो, घरच्या धंद्यासारख्या एका कंपनीत. मालकाच्या मुलीच्या लग्नात दोन दिवस पार्किंगला उभं केलं, इंजिनिअरला! पगारवाढ मागितली तर "घरचाच आहेस ना रे". पुण्यात निदान शिव्या तरी ईमेलवर मिळतात.

केळीवाला_रावेर: तुम्ही कामाचं बोलताय, इथे लग्न अडलंय. भाचा दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे आहे, काम चोख. पण मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न, "पुण्यात फ्लॅट आहे का?" बागायत असो की काही असो. ऑफर मुलगा निवडतच नाही, सोयरीक निवडते.

भुसावळची_लेक: मुलीकडचे, मुलीकडचे! मुलीला विचारलं का कुणी? मला पुण्याची ऑफर आली तेव्हा घरी म्हणाले, "एवढ्या लांब एकटी?" भाऊ त्याच महिन्यात तिकडेच गेला, पगार माझ्याहून कमी. आता इथल्या ऑफिसात बिलं करते आणि लोक म्हणतात, मुलींना पुणंच पाहिजे. हो, पाहिजे! रात्री आठला बाहेर दिसले तर कुणी घरी फोन करत नाही तिथे.

केळीवाला_रावेर: ताई, मी तुमच्याबद्दल बोललो नव्हतो.

भुसावळची_लेक: माझ्याबद्दलच बोलता तुम्ही सगळे. नाव घेत नाही एवढंच.

अहिराणी_आप्पा: हिंजवडीकर भाऊ, तुले पुणं मानवनं. सर्वास्ले मानवस असं नही. भरीत-भाकर खाऊन दोन हजार कमी मिळाले तरी चालतं, असं आम्ही म्हणायचो. आता मुलगा तिकडे आहे आणि रविवारी मीच विचारतो, पगार वाढला का. तर माझंही काही सांगू नका.

हिंजवडीकर_धुळ्याचा: लग्न, भरीत सगळं झालं. तापीकाठ, 16 चे किती झाले ते सांगशील?

तापीकाठ: चार वर्षांत 27. तू जास्त घेतोस, माहीत आहे. मानलं. पण तुझी पहिली नोकरी कुठली? इथलीच. पार्किंग सोडून तिथे काय शिकलास?

हिंजवडीकर_धुळ्याचा: …पीएलसी, मशीन आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरचं काम. बरं, ते इथेच शिकलो. खूश?

डिप्लोमा_फायनल: दादा, माझ्याकडे दोन ऑफर आहेत. पुण्यात 18 हजार, दोन वर्षांचा बॉण्ड. इथे 14, बॉण्ड नाही. सोमवारपर्यंत सांगायचंय.

तापीकाठ: इथल्याला सांग, आधी मशीन दाखवा आणि कुणाच्या हाताखाली टाकणार ते सांगा. पुण्याचा बॉण्ड नीट वाच, सोडताना किती पैसे भरायचे ते बघ. आणि मूळ मार्कशीट मागितली तर देऊ नकोस. झेरॉक्स दे, मूळ दाखवून परत आण.

डिप्लोमा_फायनल: मागितली होती. शुक्रवारी देऊन आलो.

हिंजवडीकर_धुळ्याचा: पावती घेतली का?