३० मीटरच्या उंची-डेटावरून बांध आखता येतात का?

प्रश्न: दारव्हा (जि. यवतमाळ) तालुक्यात ४० हेक्टरचं पाणलोट नियोजन आहे. कार्टोडेम (दर ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची देणारा उपग्रहाचा डेटा) क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं, तर उतार सगळीकडे ८०-८९ अंश येतोय. काय चुकतंय? आणि यावरून बांधाच्या रेषा काढू का?

उत्तर १: भाऊ, डेटा अक्षांश-रेखांशात आहे आणि उंची मीटरमध्ये, म्हणून उतार फुगतो. आधी यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) रिप्रोजेक्ट करा, म्हणजे बदलून घ्या, बायलिनियर (शेजारच्या पिक्सेलांवरून सरासरी काढणारा पर्याय) निवडून. दारव्हा ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे झोन ४३ (सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी ३२६४३). ७८ च्या पूर्वेला, वणीकडे ४४ लागेल.

उत्तर २: बांध मात्र यावरून काढू नका. एक पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास ९ गुंठ्यांना एकच उंची! त्यात चूक काही मीटरची, अन् शेताचा उतार १ टक्का म्हणजे १०० मीटरला १ मीटर. पाणलोटाची हद्द, मोठे नाले, शेततळ्याची ढोबळ जागा एवढंच घ्या. रेषा डंपी लेव्हलनेच (शेतात उंची मोजायची दुर्बीण) टाका. खोल काळ्या जमिनीत समपातळी (एकाच उंचीवरून जाणारा) बांध नकोच. पाणी तुंबतं, उन्हाळ्यातल्या भेगांतून बांध फुटतो. ०.२ ते ०.४ टक्के ढाळ द्या, पाणी गवताच्या चरातून नाल्यात सोडा.

उत्तर ३: फिल सिंक्स (उंची-डेटातले खड्डे भरणारं साधन) चालवण्याआधी मूळ प्रत ठेवा. ते तलावाचे खरे खड्डेही बुजवतं.