मारलेल्या विषाणूची लस: गुरांना दर सहा महिन्यांनी, मग रेबीजची आठवण वर्षानुवर्षे कशी?

काळीमाती (आर्णी, जि. यवतमाळ)
नमस्कार. आमच्या गावात लाळ-खुरकुतीची लस टोचायला दर सहा महिन्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसे येतात. सारखी सारखी कशाला, असे विचारणारे असतातच, आणि लसीनंतर गायीचे दूध एक-दोन दिवस कमी होते ही त्यांची तक्रार खोटीही नाही. याउलट शेजारच्या काकांनी काही वर्षांपूर्वी कुत्रा चावल्यावर रेबीजची सगळी इंजेक्शने घेतली होती; या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा कुत्रा चावला, तेव्हा ग्रामीण रुग्णालयात दोनच इंजेक्शने पुरतील असे सांगितले. दोन्ही लसी मारलेल्या विषाणूच्याच आहेत. मग शरीर एक विषाणू वर्षानुवर्षे लक्षात ठेवते आणि दुसरा सहा महिन्यांत विसरते, हे कसे? शिवाय जो विषाणू वाढतच नाही, तो पेशींना कामाला लावतो तरी कसा?

पशुवैद्यक_वाशीम
काकांना दिलेला सल्ला बरोबर आहे. ज्यांचे पूर्ण लसीकरण आधी झाले आहे त्यांना पुन्हा चावा झाल्यास पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे ० आणि ३ असे लिहितात ते, दोनच डोस लागतात आणि जखमेत भरायचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, लागत नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे मात्र प्रत्येक वेळी आवश्यक आहे.

फरकाचे मोठे कारण रोगाच्या वेगात आहे. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे जातो आणि लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे स्मृतिपेशींना, म्हणजे जुना विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशींना, जागे होऊन नव्याने प्रतिपिंडे (विषाणूला चिकटणारी रक्तातली प्रथिने) तयार करायला सवड मिळते, आणि ते दोन डोस त्याच पेशींना उठवण्यासाठी असतात. लाळ-खुरकूत संसर्गानंतर २ ते १४ दिवसांतच दिसू लागते. तेथे नुसती आठवण उपयोगाची नाही. विषाणू आला त्या दिवशी रक्तात पुरेशी प्रतिपिंडे आधीच तयार हवीत, आणि गुरांमध्ये ती पातळी साधारण सहा महिन्यांत उतरू लागते. त्यातच ओ, ए आणि एशिया-१ हे आपल्याकडचे तीन प्रकार एकमेकांपासून संरक्षण देत नाहीत, म्हणून तिन्ही एकाच लसीत घालावे लागतात. या विषाणूचे कवच उष्णतेने फुटते आणि कवच फुटले की लसीची ताकद जाते. मे महिन्यात बर्फाचा डबा उन्हात ठेवून गप्पा मारणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

सूक्ष्मजीवशास्त्र_वर्धा
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. रेबीजच्या लसीत बीटा-प्रोपिओलॅक्टोन हे रसायन वापरून विषाणूची वाढण्याची क्षमता नष्ट केलेली असते, परंतु त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचा आकार बराचसा टिकून राहतो. टोचल्या जागेवरील डेंड्रायटिक पेशी, म्हणजे पहारेकरी पेशी, हे कण गिळतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन त्यांचे तुकडे मदतनीस टी पेशींना दाखवतात. त्या टी पेशींच्या मदतीने बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी, वाढतात, आपल्या प्रतिपिंडांत लहान लहान बदल करतात, आणि ज्यांची पकड घट्ट त्यांचीच पुढे निवड होते. या गाळणीतून शेवटी दोन प्रकारच्या पेशी उरतात: पुन्हा संसर्ग होईपर्यंत शांत राहणाऱ्या स्मृतिपेशी, आणि अस्थिमज्जेत मुक्काम करून प्रतिपिंडे सतत स्रवत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशी. रक्तातील आयजीजी या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांचे अर्धायुष्य (निम्मी उरायला लागणारा काळ) जेमतेम तीन आठवडे असते, त्यामुळे लसीनंतर अनेक वर्षांनी ती सापडत असतील तर त्याचा अर्थ जुना साठा शिल्लक आहे असा नसून कारखाना अजून चालू आहे असा होतो.

काळीमाती
डॉक्टर, दोघांचेही आभार. पण प्रतिपिंडाचे काम विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू न देणे एवढेच ना? करोनाने रूप बदलले तेव्हा जुनी प्रतिपिंडे निकामी झाली असेच सगळीकडे म्हणत होते.

सूक्ष्मजीवशास्त्र_वर्धा
तेवढेच नाही, आणि माझ्या मते लसीकरणाच्या चर्चेत हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखे असते. त्याचे दोन हात विषाणूला धरतात आणि खालचा दांडा, ज्याला एफसी भाग म्हणतात, मोकळा राहतो. बाधित पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशींवर हा दांडा ओळखून पकडणारे प्रथिन (रिसेप्टर) असते. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूची प्रथिने उमटली आणि त्यांना प्रतिपिंडे चिकटली, की किलर पेशी त्या दांड्यांना जोडली जाते आणि परफोरिन व ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिने सोडून ती बाधित पेशीच मारते. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी प्रतिपिंडांनी लपेटलेले विषाणू गिळून टाकतात.

मारलेला विषाणू पेशीत शिरून प्रथिने बनवत नसल्यामुळे तो मारक टी पेशी, म्हणजे बाधित पेशी थेट मारणाऱ्या टी पेशी, फारशा तयार करू शकत नाही. म्हणून पेशींना बोलावण्याचे काम या लसींत मुख्यतः प्रतिपिंडांवर पडते. विषाणूचा प्रवेश रोखण्यासाठी प्रतिपिंडाला नेमक्या जागी चिकटावे लागते आणि करोनाने बदलल्या त्या बऱ्याचशा याच जागा होत्या. पेशींना बोलावण्यासाठी मात्र स्पाइकवरील (करोनाच्या पृष्ठभागावरील काट्यासारख्या प्रथिनावरील) इतर, न बदललेल्या जागाही चालतात, त्यामुळे ओमिक्रॉन या बदललेल्या रूपाच्या वेळी हे दुसरे काम तुलनेने अधिक टिकून राहिले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये तर संपूर्ण विषाणू असल्याने स्पाइकखेरीज इतर प्रथिनांविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात.

पशुवैद्यक_वाशीम
यात एक भर घालतो. लाळ-खुरकुतीच्या विषाणूला बाहेरचे मेदाचे आवरण नसते, म्हणून त्याची प्रथिने बाधित पेशीच्या पृष्ठभागावर फारशी उमटत नाहीत, त्यामुळे तेथे किलर पेशींपेक्षा मॅक्रोफेजांनी गिळण्याचा मार्ग जास्त महत्त्वाचा ठरतो.

काळीमाती
माझ्याकडे दोन महिन्यांची कालवड आहे. तिलाही या फेरीत टोचून घ्यावे का?

पशुवैद्यक_वाशीम
गायीला नियमित लस दिलेली असेल तर नको. चिकातून मिळालेली आईची प्रतिपिंडे कालवडीच्या रक्तात अजून असतील, ती लसीतील विषाणू आधीच झाकून टाकतील आणि कालवडीच्या स्वतःच्या बी पेशींना तो नीट दिसणारच नाही. चार महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस द्या आणि महिन्याभराने दुसरा. हा दुसरा डोस फेरीत येत नाही, म्हणून लोक तो हमखास चुकवतात; कालवड घेऊन आपणच दवाखान्यात जावे.